पहिली तार वागत नाही

भादरवा आला की बडोद्यात ऊन दुसऱ्यांदा पेटतं. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, छत्र्या दाराशी तशाच टांगलेल्या असतात, आणि बाहेर असा तडका की गच्चीत वाळत घातलेलं फडकं बघता बघता पापडासारखं कडक होतं. सोसायटीच्या कोपऱ्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू रचून ठेवलेले असतात. तेच बांबू थोड्या दिवसांनी गरब्यासाठी उभे राहायचे असतात. मधले दिवस पितरांचे. इथले लोक त्यांना सराद म्हणतात. कुणी नवीन वस्तू घेत नाही, दुकानदार जांभया देत बसतात, आणि दुपारी जिन्यातून वर येताना प्रत्येक मजल्यावर दूध आटत असल्याचा वास येतो.

मला या दिवसांत गिटार आठवते. आता पितृपंधरवड्याचा आणि इलेक्ट्रिक गिटारचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. मीही विचारते. पण आठवणींना कुठे सोयरसुतक असतं? दूधपाकात वेलची टाकताना मला अजूनही बडोद्याच्या वाडी भागातल्या त्या वाद्यांच्या दुकानातला सरसाचा आणि चामड्याचा वास येतो, त्याला मी काय करू?

परवा शेजारच्या जिग्नाबेन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलीने इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरलाय. "तमारे घरे छे ने, बेन? पेली सस्तीवाळी. लेवाय के ना लेवाय?" घ्यावी की घेऊ नये, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या. मी त्यांना बसवलं, चहा टाकला, चहा उतू गेला, ओटा पुसला, तरी मला उत्तर सुचेना. तीन वर्षं ती गिटार आमच्या घरात आहे, आणि ती चांगली आहे की टाकाऊ, हे मला आजही सांगता येत नाही. "दिलीपला विचारून सांगते," म्हणाले आणि वेळ मारून नेली.

दिलीप म्हणजे माझा नवरा. मी त्याला नावाने हाक मारते, हे सासूबाईंना शेवटपर्यंत खटकलं. मी साताऱ्याची. लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा वाटलं होतं, चला, घरात मराठी बोलतात, भाषेचा तरी घोळ होणार नाही. कसलं काय! पहिल्याच महिन्यात दिलीप जिन्यात पाय घसरून पडला आणि सासूबाई ओरडल्या, "अगं धाव, दिलीपला वागलं!" मी जागच्या जागी उभी. म्हटलं, "कसे वागले?" "अगं जोरात वागलं!" आता जोरात वागणं म्हणजे काय? मला वाटलं, नवरा कुणाशी तरी भांडून आला. जाऊन बघते तर गुडघा फुटलेला.

मग कळलं की गुजरातीत लागलं तरी 'वाग्युं' आणि वाजलं तरी 'वाग्युं'. घंटा वागते, गुडघ्याला वागतं, आणि किती वाजले विचारायचं तर 'केटला वाग्या'. पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहिलेल्या माझ्या सासरच्यांनी तो शब्द उचलून आमच्या मराठीत आणून बसवला होता, आणि आपण काही वेगळं बोलतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. दुसरा घोळ 'सांभळो'चा. दुकानदार "सांभळो, बेन" म्हणाला की मी पिशवी छातीशी घट्ट धरायची. वाटायचं, खिसेकापू फिरतायत, सांभाळा म्हणतोय. तो बापडा नुसतं 'ऐका' म्हणत असायचा. दिलीपने ही गोष्ट इतक्या लोकांना सांगितली आहे की आता तो सुरू झाला की मी उठून आत जाते.

तर तीन वर्षांपूर्वीचं ते गिटारचं वर्ष. दिलीप उन्हाळ्यात निवृत्त झाला होता. सगळं आयुष्य कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या विभागात गेलं. त्या मोठाल्या यंत्रांच्या आवाजात माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. कानावर लावायचे इअरमफ त्याला मिळाले होते, पण ते बहुतेक वेळा गळ्यात असायचे. "कान झाकले तर मशीन काय म्हणतंय ते ऐकू कसं येणार?" हे त्याचं म्हणणं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, की कुठलं बेअरिंग जाणार ते तो सांगायचा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपालाही तो असाच कान लावून उभा असे आणि येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून हसत.

घरी बसल्यावर पहिले काही आठवडे त्याने घरातली सगळी यंत्रं तपासली. दाराची बेल बिघडली म्हणून नवी आणली. नवीही बिघडलेलीच निघाली. मग घणघण वाजणारी आणली, तेव्हा कुठे समाधान. वॉशिंग मशीनचा कपडे झाल्याचा बीप गेला म्हणून त्याने कंपनीच्या माणसाला फोन करून झापलं. गच्चीत चहा पिताना एकदा म्हणाला, "आपल्या गोत्री भागात आता चिमणी-पाखरं राहिलीच नाहीत. इमारती बांधून बांधून सगळी हाकलली." मी मान डोलावली. मला पाखरं ऐकू येत होती, पण मी म्हटलं, पूर्वी जास्त असतील, हा जन्मापासून इथला, याला माहीत.

आणि मग गिटारचं खूळ. तरुणपणी कारखान्याच्या वसाहतीत गणपतीत ऑर्केस्ट्रा बसायचा, तेव्हा एका मित्राची लाल इलेक्ट्रिक गिटार हा वाजवायचा. मित्राची बदली झाली, गिटारही गेली. स्वतःची कधी झाली नाही. आता सोसायटीने ठरवलं होतं की नवरात्रात एक संध्याकाळ बाहेरची वाजवणारी पार्टी बोलवायची नाही, आपल्याच माणसांनी वाजवायचं. दिलीपने हात वर केला. मी म्हटलं, साधी गिटार घे ना, लाकडी, पोकळ पोटाची. तर म्हणाला, "तिचा आवाज कुठे येतो? नुसती कुजबुज." इलेक्ट्रिकच हवी, आणि तीही स्वस्तातली.

स्वस्त का, तर त्याचं उत्तर मला पाठ आहे. "महागडी घेतली आणि धड वाजली नाही तर दोष माझा. स्वस्त घेतली तर दोष तिचा." मी हसले. त्यात एवढं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

आमची मुलगी मनवा बंगळुरूला असते. तिला फोन केला तर ती म्हणाली, "आई, त्या किमतीत खेळणं मिळतं. बाबांना सांग, थोडे जास्त घाला." पुन्हा दुसऱ्या दिवशी तिचाच निरोप, की तिच्या ऑफिसातला एक जण स्वस्तातल्या गिटारवरच शिकला आणि अजून तीच वाजवतो. मोबाईलवर बघावं तर एक जण म्हणतो, हिच्यासारखी गिटार नाही. दुसरा तीच गिटार मांडीवर घेऊन म्हणतो, चुलीत घाला. माझं डोकं पिकलं. भाजी निवडता निवडता मी गिटारच्या खुंट्यांविषयीची मतं ऐकत बसायची, माझी मलाच गंमत वाटायची.

त्यात पितृपक्ष लागला. मी म्हटलं, सुटले, आता पंधरा दिवस शांतता. तर हा म्हणतो, "खरेदी करायची नाही. तपासायला कुणी अडवलंय?"

म्हणून आम्ही वाडीत हरीशभाईंच्या दुकानात जाऊ लागलो. चिंचोळ्या गल्लीतलं खोल दुकान. पुढे जमिनीवर नवरात्रासाठी आलेले ढोल, त्यांच्या दोऱ्या ओढून ताणणं चाललेलं. आत भिंतीवर गिटारी टांगलेल्या, काळ्या, निळ्या, एक झगझगीत लाल. हरीशभाई जाडजूड, गोड बोलणारे. "बेसो ने, दिलीपभाई. सरादमां कोण लेवा आववानुं छे?" असं म्हणून त्यांनी पंखा आमच्याकडे वळवला. गिऱ्हाईक येणारच नव्हतं, त्यामुळे आम्ही त्यांना करमणूक म्हणून चाललो असणार.

दिलीपने लाल गिटार उतरवली. आधी तिची दांडी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून बघितली, वाकडी आहे का म्हणून. मग दांडीच्या कडेवरून बोट फिरवलं, धातूच्या पट्ट्यांची टोकं बोचतात का बघितलं. खुंट्या पिळल्या, सोडल्या, पुन्हा पिळल्या. वायर खोचायच्या भोकात वायर हलवून बघितली. मला मनापासून बरं वाटलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा हा माणूस कामावर गेल्यासारखा दिसत होता.

मग तारा छेडल्या. जाड तारेपासून सुरुवात केली. घुमली. पुढची, त्याच्या पुढची. शेवटी सगळ्यांत बारीक तार, जिला ते लोक पहिली म्हणतात. त्याने छेडली, थांबला, कपाळाला आठी. पुन्हा छेडली. "हिला झणकार नाही," म्हणाला. "नुसतं टक. पहिली तार वागत नाही."

मला तर ती छान ऐकू आली होती. बारीक, चांदीच्या पैंजणाच्या आवाजाची. पण मला गाण्यातलं काय कळतं? शाळेच्या प्रार्थनेत बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. म्हटलं, असेल काहीतरी बारीक दोष, जाणकाराला कळतो, आपल्याला नाही.

हरीशभाईंनी तार बदलली. "हवे सांभळो." दिलीपने छेडली. टक. मग निळी गिटार काढली. तिची पहिली तार मुकी. काळीची मुकी. दुसऱ्या खेपेला गोदामातून आणखी एक आली, तीही तशीच. "आ भावमां आवुं ज मळे," या किमतीत असंच मिळायचं, असं म्हणून दिलीपच हरीशभाईंची समजूत घालायला लागला. हरीशभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच ढोलाकडे बघितलं.

त्याच दिवशी गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून एकसारखा सूंऽऽ आवाज येत होता. मला तो इतका असह्य झाला की मी म्हटलं, बंद करा हो तो डबा. दिलीप म्हणाला, "बंदच आहे की. आणि काय शांत मशीन आहे बघ, चालू असताना श्वास घेतल्याचासुद्धा आवाज नाही."

डब्यावरचा लाल दिवा चालू होता.

रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात बेल वाजली. मग ती दुसरी बेल. मग वॉशिंग मशीन. मग गच्चीतली पाखरं. एकेक वस्तू समोर येऊन उभी राहिली. मला त्या सगळ्यांचे आवाज येत होते, पण यंत्रातलं त्याला कळतं म्हणून मी त्याचंच खरं मानत गेले होते. गेले काही महिने आमच्या घरातलं बारीक आवाजाचं सगळं काही एकामागून एक बिघडत होतं, आणि जाड आवाजाचं सगळं ठणठणीत होतं. इतकं सरळ होतं आणि मला दिसलं नव्हतं. शेजारी हा मजेत, रिक्षावाल्याला सांगतोय की आजकाल तारांमध्ये भेसळ असते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. सांगावं? कोणत्या तोंडाने? ज्याने आयुष्यभर कानावर पोट भरलं, त्याला 'तुझे कान गेले' असं मी म्हणायचं? नाही सांगावं, तर हा नवरात्रात सगळ्या सोसायटीसमोर उभा राहणार आणि बेसूर वाजवून लोकांचं हसू ओढवून घेणार. गिटार वाईट आहे म्हटलं तर विषय मिटत होता. तो आनंदाने म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो. पण मग त्याचं स्वतःच्या गिटारचं जन्मभराचं स्वप्न मीच बुडवलं असतं. गिटार चांगली आहे म्हटलं तर? तर प्रश्न त्याच्याकडे वळत होता. आणि अधूनमधून तिसरंच वाटायचं, की माझंच चुकत असेल. त्याला सूर कळतो, मला नाही. ज्याला कळतं त्याला ऐकू येत नाही आणि जिला ऐकू येतं तिला कळत नाही, अशी आमची जोडी. या गिटारची पारख करायची कुणी?

सासऱ्यांच्या तिथीला गच्चीत कावळ्याला पान ठेवलं. दिलीप हात जोडून उभा. कावळा ओरडला तसा याचा चेहरा फुलला. "आला बघ!" कावळा त्याला ऐकू आला. मागे आंब्यावर एक इवलंसं शिंजीर पाखरू किणकिणत होतं. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी पदराने डोळे पुसले. त्याला वाटलं, सासऱ्यांची आठवण आली. "बाबांचा फार जीव होता तुझ्यावर," म्हणाला.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे दुकानात गेलो. त्याने लाल गिटार मांडीवर घेतली, जाड तारांवर काहीतरी सुरेख वाजवलं, ढोलवालेही थांबले. मग पहिली तार. टक. त्याने मान हलवली आणि गिटार परत भिंतीवर लावायला उठला. "राहू दे. नशिबात नाही. स्वस्त ते स्वस्तच."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. हरीशभाईंच्या गल्ल्यावर स्क्रू ड्रायव्हर पडला होता. तो मी उचलला. दिलीपला म्हटलं, "बस खाली." त्याने विचारलं, "आता काय?" "बस म्हटलं ना!" मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिटारच्या लाकडावर टेकवलं आणि मूठ त्याच्या कानामागच्या हाडाला लावली, तो पंपाला लावतो तशी. आणि मग मी, जिने जन्मात कधी वाद्याला हात लावला नव्हता, ती पहिली तार नखाने छेडली.

त्याने डोळे मिटले. मी पुन्हा छेडली. त्याने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्वतः छेडलं. मूठ काढली, छेडलं. मूठ लावली, छेडलं. बेअरिंग तपासत असल्यासारखं, घाई न करता.

"आहे," तो म्हणाला. "बारीक आहे. पण आहे."

हरीशभाईंनी पंख्याकडे बघितलं.

"म्हणजे गिटार चांगली आहे," दिलीप म्हणाला.

"में तो पहेलेथी कीधुं, सरस वागे छे," हरीशभाई हळूच म्हणाले, आपण तर पहिल्यापासून तेच सांगत होतो म्हणून.

थोड्या वेळाने तो मला म्हणाला, "बेल?"

"वाजत होती."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"वॉशिंग मशीन?"

"ते अजून वाजतं."

तो गिटारच्या पाठीवर हात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "आणि पाखरं? ती पण आहेत?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, भर दुकानात, ढोलांच्या मधोमध. दिलीपने वर बघितलं आणि अगदी सासूबाईंच्या आवाजात विचारलं, "काय गं? वागलं?"

"हो," म्हटलं. "वागलं." मला त्या शब्दाचा नेमका कुठला अर्थ म्हणायचा होता, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

घटस्थापनेला लाल गिटार घरी आली. सोसायटीच्या संध्याकाळी त्याने ती वाजवली. हनुवटी गिटारच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर टेकवून, मान वाकडी करून. पोरांना वाटलं, ही काहीतरी स्टाईल आहे. दोघा-तिघांनी तसे फोटोही काढून घेतले. कसं वाजलं म्हणाल तर ढोल इतके मोठे होते की मला काही ऐकूच आलं नाही. लोक नाचले एवढं खरं.

पुढे कानाचं यंत्र आलं. ते लावून वाजवलं की तो म्हणतो, "ही गिटार आहे की पत्र्याचा डबा?" काढून वाजवलं की म्हणतो, भरीव आहे, पण झोपलेली. हनुवटी टेकवली की म्हणतो, या किमतीत अशी मिळायची नाही. आता यातलं खरं काय मानायचं? यंत्र बरेचदा ड्रॉवरमध्ये असतं. संध्याकाळी तो आतल्या खोलीत तारा जुळवतो आणि हाक मारतो, "पहिली वागली का गं?" मी स्वयंपाकघरातून ओरडते, "वागली!" कधी कधी कढईच्या चुरचुरीत मलाही ऐकू आलेलं नसतं. मग मी गॅस बारीक करते आणि सांगते, पुन्हा छेड.

काल जिग्नाबेन पुन्हा आल्या, मुलीला घेऊनच. दिलीप हॉलमध्ये पेपर वाचत होता. सुटले बाई, म्हणून मी त्यांना त्याच्याकडे ढकललं. त्यांनी मोठ्याने विचारलं, "दिलीपभाई, सस्ती गिटार लेवाय?"

मी कान देऊन उभी. आता दांडी येणार, खुंट्या येणार, भेसळीच्या तारा येणार. दिलीपने पेपर खाली ठेवला, विचार केला आणि त्या पोरीला म्हणाला, "लेवाय ने, बेटा. पण एकली ना जती. कोईने साथे लई जजे, सांभळवा माटे."

एकटी जाऊ नको, कुणाला तरी बरोबर ने, ऐकायला. एवढंच तो म्हणाला. बडोद्यात इतकी वर्षं काढून मला 'सांभळवा'चा अर्थ चांगला ठाऊक आहे. पण मी मूळची साताऱ्याची, आणि मला साताऱ्याचंच ऐकू आलं.